कधीच न बांधलेली चिलखती क्रूझर कागदावर कशी तयार होते?

सोशल मीडियावर अधूनमधून जुन्या धाटणीच्या एखाद्या युद्धनौकेचं रेखाचित्र फिरत असतं. चार उंच धुराडी, पुढेमागे जाडजूड तोफा, खाली आकड्यांचा तक्ता आणि एक ओळ : 'ही नौका कधी बांधलीच गेली नाही.' कमेंटमध्ये लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, 'काय जहाज झालं असतं!' दुसरा म्हणतो, 'हे पाण्यात उतरवलं असतं तर तिथेच उलटलं असतं.'

काल्पनिक युद्धनौका आखणं हा जगभरातल्या अनेकांचा छंद आहे. त्यासाठी 'स्प्रिंगशार्प'सारखे मोफत संगणक प्रोग्रामही मिळतात. लांबी, रुंदी, तोफा, चिलखत आणि वेग यांचे आकडे भरले की नौका तरंगेल की नाही याचा अंदाज ते देतात. या छंदात सन १९०० ते १९१० या काळातली चिलखती क्रूझर म्हणजेच आर्मर्ड क्रूझर खास आवडीची आहे. ती आखायला सर्वांत अवघड का, ते एक काल्पनिक नौका पायरीपायरीने उभी करून पाहूया.

चिलखती क्रूझर म्हणजे नेमकं काय?

त्या काळात मोठ्या नौदलांकडे मुख्यतः दोन प्रकारच्या मोठ्या नौका असत. बॅटलशिप म्हणजे जाड चिलखताची, मोठ्या तोफांची, पण संथ नौका. क्रूझर म्हणजे वेगवान आणि लांब पल्ल्याची नौका. व्यापारी जहाजांचं रक्षण करणं, शत्रूची जहाजं शोधणं आणि ताफ्याच्या पुढे जाऊन टेहळणी करणं ही तिची कामं.

१८९०च्या दशकात जर्मनीच्या क्रूप कारखान्याने नव्या पद्धतीने कडक केलेल्या पोलादाचे पत्रे बनवले. कमी जाडीतही ते जुन्या पत्र्यांइतका मारा सोसत. त्यामुळे वेगवान क्रूझरच्या बाजूंनाही चिलखताचा पट्टा लावणं परवडू लागलं. यातूनच आली या काळातली चिलखती क्रूझर : क्रूझरसारखी धावणारी, तरी मार सोसणारी. खर्च मात्र जवळजवळ बॅटलशिपइतका.

पहिली पायरी : वजनाचं अंदाजपत्रक

समजा, साल १९०५ आहे आणि ब्रिटिश नौदलासाठी १४,००० टनांची क्रूझर आखायची आहे. हा आकडा हवेतला नाही. त्याच सुमारास बांधायला घेतलेल्या ब्रिटनच्या खऱ्या 'मिनोटॉर' वर्गातल्या क्रूझर सुमारे १४,६०० टनांच्या होत्या.

नौका जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढंच तिचं वजन असतं. त्यामुळे १४,००० टन ही पगारासारखी ठरलेली रक्कम समजायची. तिची ढोबळ वाटणी अशी करता येईल :

- सांगाडा : ५,१०० टन
- चिलखत : २,९०० टन
- इंजिनं आणि बॉयलर : २,५०० टन
- तोफा आणि दारूगोळा : १,९०० टन
- कोळसा : १,००० टन
- माणसं, बोटी, नांगर, अन्नपाणी : ६०० टन

बेरीज बरोबर १४,०००. इथून पुढे कुठेही एक टन वाढवायचा, तर दुसरीकडचा एक टन काढायला हवा. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण इथे शब्दशः लागू होते.

दुसरी पायरी : वेग

क्रूझर म्हटली की वेग हवाच. पण पाण्यात वेग फार महाग पडतो. जहाजाला लागणारी ताकद साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 'मिनोटॉर'ला २३ नॉटसाठी, म्हणजे ताशी साडेबेचाळीस किलोमीटरसाठी, २७,००० अश्वशक्ती लागत होती. आपल्या नौकेलाही तेवढीच लागेल असं धरू.

आता कुणी म्हणेल, 'दोनच नॉट वाढवा, २५ करा.' हिशेब केला तर अश्वशक्ती सुमारे ३५,००० वर जाते. त्याच प्रकारची इंजिनं ठेवली तर यंत्रसामग्रीचं वजन साधारण ७०० टनांनी वाढतं. शिवाय जादा बॉयलरना जागा लागते, म्हणून जहाज लांब होतं. जहाज लांब झालं की चिलखताचा पट्टाही लांबवावा लागतो. दोन नॉटांची हौस अशी भलतीकडेच बिल पाठवते.

स्टीम टर्बाइन वापरता आलं असतं का? चार्ल्स पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' या छोट्या बोटीने १८९७ मध्येच टर्बाइनची ताकद दाखवली होती. पण १९०५ मध्ये मोठ्या युद्धनौकेसाठी टर्बाइन निवडणं हे धाडस होतं. आपली नौका जुन्या, दट्ट्याच्या इंजिनावरच चालेल. ही इंजिनं तासन्‌तास पूर्ण वेगाने चालवली की थरथरत आणि बेअरिंग तापत. म्हणून तक्त्यातले २३ नॉट रोज मिळतील असं समजायचं कारण नाही.

तिसरी पायरी : तोफा

त्या काळच्या क्रूझरवर अनेक आकारांच्या तोफा असत. 'मिनोटॉर'वर ९.२ इंची चार आणि ७.५ इंची दहा तोफा होत्या. पण लांबून मारा करताना यात एक अडचण येई. गोळा पाण्यात पडला की उंच फवारा उडतो आणि तो पाहून तोफची नेम सुधारतो. दोन जवळजवळच्या आकारांचे गोळे एकदम पडले, तर कुठला फवारा कुठल्या तोफेचा हे कळत नाही.

म्हणून आपल्या काल्पनिक नौकेवर एकाच आकाराच्या, ९.२ इंची आठ तोफा ठेवू. दोन-दोन तोफांचे चार फिरते टरेट : एक पुढे, एक मागे, आणि एकेक दोन्ही बाजूंना. एका बाजूला सहा तोफा डागता येतील. प्रत्येक गोळा सुमारे १७२ किलोचा. दर तोफेमागे १०० गोळे धरले, तर नुसत्या गोळ्यांचंच वजन १३७ टनांवर जातं. दारूच्या पिशव्या त्याहून वेगळ्या.

मग १२ इंची तोफाच का नकोत? कारण गोळ्याचं वजन तोफेच्या तोंडाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. १२ इंची गोळा सुमारे ३८६ किलोचा, म्हणजे दुपटीहून जड. तोफ, टरेट आणि खालची सगळी यंत्रणा त्याच हिशेबाने वाढते. १,९०० टनांत अशा आठ तोफा बसतच नाहीत.

एका टरेटच्या डोक्यावरून मारा करणारा दुसरा टरेट काढायचा मोहही टाळायला हवा. ती मांडणी आणणाऱ्या अमेरिकेच्या 'साउथ कॅरोलायना' या बॅटलशिपचं बांधकाम १९०६च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं. त्याआधीच्या साल घातलेल्या चित्रात असे टरेट दिसले, तर आखणाऱ्याने भविष्यातून उसनवारी केली आहे असं समजावं.

चौथी पायरी : चिलखत

१५ सेंटिमीटर जाडीच्या पोलादाचं वजन दर चौरस मीटरला जवळपास १.१८ टन भरतं. पट्टा १०० मीटर लांब आणि साडेतीन मीटर उंच धरला, तर दोन्ही बाजू मिळून ७०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८२५ टन. जाडी २० सेंटिमीटर केली की जवळपास पावणेतीनशे टन वाढले. टरेट, डेक आणि कप्तानाची चिलखती खोली यांचा हिशेब अजून बाकीच आहे.

आणखी एक खोच म्हणजे कोळसा. अशा नौका लांबच्या प्रवासाला निघताना नेहमीच्या दुप्पट कोळसा भरून घेत. वजन वाढलं की जहाज खोल बसतं आणि चिलखताचा पट्टा पाण्याखाली जातो. मग सर्वांत महागडं पोलाद माशांचं रक्षण करतं आणि वरची उघडी बाजू शत्रूसमोर राहते.

पाचवी पायरी : वजन कुठे ठेवायचं?

वजन किती याइतकंच ते किती उंचीवर आहे हेही महत्त्वाचं असतं. जड टरेट उंचावर बसवले की जहाज डोईजड होतं आणि जास्त कलंडतं. ते टाळायला रुंदी वाढवली तर पाण्याचा विरोध वाढतो आणि वेग घटतो. म्हणून अनेक नौकांमध्ये बाजूच्या तोफा खालच्या डेकवर, पाण्यापासून थोड्याच उंचीवर बसवल्या जात. कागदावर या तोफा मोजल्या जातात, पण खवळलेल्या समुद्रात त्यांचं काय होतं हे कागद सांगत नाही.

ते कुणी सांगितलं?

१ नोव्हेंबर १९१४ रोजी चिलीच्या किनाऱ्याजवळ कोरोनेलची लढाई झाली. ब्रिटनच्या 'गुड होप'वर ६ इंची सोळा तोफा होत्या आणि 'मनमथ'वर चौदा. संख्या घसघशीत होती, पण त्यातल्या बऱ्याच खालच्या डेकवर होत्या. समुद्र खवळलेला होता आणि लाटा तिथवर चढत होत्या, त्यामुळे त्या नीट चालवता आल्या नाहीत. जर्मनीच्या 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नायझेनाऊ' या क्रूझरनी दोन्ही नौका निकामी केल्या आणि त्या दोन्ही बुडाल्या. सुमारे १,६०० माणसं गेली. त्या दोन नौकांवरचं कुणीही वाचलं नाही.

जेमतेम पाच आठवड्यांनी, ८ डिसेंबरला, फॉकलंड बेटांजवळ याच जर्मन क्रूझरची गाठ ब्रिटनच्या 'इन्व्हिन्सिबल' आणि 'इन्फ्लेक्सिबल'शी पडली. या नव्या बॅटलक्रूझरवर १२ इंची आठ तोफा आणि टर्बाइन होती, वेग २५ नॉट. जर्मन नौकांना ना पळता आलं, ना बरोबरीने लढता आलं. जर्मन ॲडमिरल फॉन श्पे आणि त्यांचे दोन मुलगे त्याच दिवशी मारले गेले.

जर्मनीच्या 'ब्ल्युशर'ची कथा आखणाऱ्यांसाठी आणखी बोलकी आहे. २१ सेंटिमीटरच्या एकसारख्या बारा तोफा असलेली ही कदाचित सर्वांत उत्तम चिलखती क्रूझर होती. पण ब्रिटनच्या नव्या नौकांवर १२ इंची तोफा असतील हे कळेपर्यंत तिचा आराखडा ठरून गेला होता. २४ जानेवारी १९१५ रोजी डॉगर बँकच्या लढाईत ती बुडाली.

मग बॅटलक्रूझरने कोडं सोडवलं का? तर नाही. 'इन्व्हिन्सिबल'ने तोफा आणि वेग मिळवला, पण चिलखताचा पट्टा जुन्या क्रूझरइतकाच, सहा इंचांचा राहिला. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत तिचा स्फोट झाला. १,०२६ जण मरण पावले, वाचले फक्त सहा. त्याच संध्याकाळी 'मिनोटॉर' वर्गातली 'डिफेन्स' सगळ्या खलाशांसह बुडाली.

मग आपल्या नौकेचं काय?

आपली १४,००० टनांची नौका कोरोनेलला कदाचित टिकली असती, कारण तिच्या तोफा वरच्या डेकवर, टरेटमध्ये आहेत. फॉकलंडला शत्रूच्या जागी असती, तर तिचंही तेच झालं असतं. १९०५च्या कसोटीवर ती चांगली ठरते. पण तीनच वर्षांत, 'इन्व्हिन्सिबल' समुद्रात उतरताच, ती म्हातारी झाली असती.

म्हणून पुढच्या वेळी असं रेखाचित्र दिसलं की आधी तोफा मोजू नका. एकूण वजन किती, वेग किती, तोफा पाण्यापासून किती उंच आणि चित्रावर साल कोणतं, एवढं पाहा. एखाद्या नौकेत सगळंच भरपूर असेल, तर आखणाऱ्याने कुठला तरी खर्च लपवला आहे. कागदावर तो लपतो. खऱ्या नौकांवर मात्र तो खलाशांनी चुकवला.