दोन शिफ्टमधला अर्धा तास

"सिस्टर, ह्या मशीनीवर सकाळी कोण होतं?"

आधी लातूरला आणि आता नांदेडला, हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. विचारणारी बहुधा पेशंटची बायको असते, एका हातात डबा, दुसऱ्या हातात फाइल. डायलिसिसमध्ये 'कावीळ लागते' हे तिच्या कानावर आलेलं असतं. तिची भीती खरी आहे. बोट मात्र ती मशीनकडे दाखवते, आणि मशीनचा त्यात फारसा हात नसतो.

ह्या भीतीमागचा हेपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा विषाणू. तो १९८९ साली ओळखला गेला. त्यावरच्या कामासाठी हार्वे आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२०चं नोबेल मिळालं. त्यावर लस अजून नाही. यकृत पोखरत वर्षं निघून जातात आणि पेशंटला पत्ताही लागत नाही. डोळे पिवळे होतील तेव्हा बघू, असं म्हणून बसलं तर फार उशीर होतो.

डायलिसिसवाल्याचं रक्त आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास शरीराबाहेर फिरतं. मिनिटाला साधारण अडीचशे ते तीनशे मिली. पण ते फिरतं त्याच्या स्वतःच्या नळ्यांतून आणि त्याच्या नावाच्या डायलायझरमधून, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्यातून. मशीनच्या पोटात रक्त जात नाही. एकच चोरवाट आहे : प्रेशर मोजणाऱ्या बारीक नळीच्या टोकाचा छोटा फिल्टर. तो रक्ताने भिजला की तिथल्या तिथे बदलायचा आणि मशीनची आतली बाजूही तपासून घ्यायची.

विषाणू जातो तो हातांवरून, आणि जातो कधी, तर दोन शिफ्टच्या मधल्या अर्ध्या तासात. पहिल्या शिफ्टच्या सुया निघत असतात. लोहा गावच्या मामांना एसटी गाठायची असते. ते फिस्टुलावरचा, म्हणजे सुया टोचायच्या शिरेवरचा, गॉज स्वतःच दाबून धरतात आणि त्याच हाताने पलंगाची कड पकडून उठतात. (दाबणाऱ्या हातात ग्लोव्ह द्यायचा असतो, देतं कोण?) दाराशी दुसऱ्या शिफ्टचे लोक उभे. पेशंट उठला की मगच खुर्ची, पलंग, मशीनची बटणं हायपोक्लोराइटने पुसायची असतात. इथे तो उठायच्या आतच चादर बदलते. तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, "हेपॅरिन आण!"

रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची ती बाटली नीट बघा. पाच मिलीची, पंचवीस हजार युनिटची. एकीत चार-पाच पेशंट निघतात. सुई काढलेल्याच ग्लोव्हने ती उचलली, पलंगाशी नेली, परत ट्रॉलीवर ठेवली, की पुढच्या प्रत्येकाच्या वाट्याला आधीच्याचं रक्त येऊ शकतं. डोळ्यांना दिसणार नाही एवढा थेंब पुरतो, आणि वाळलेल्या रक्तातही हा विषाणू कित्येक दिवस तग धरतो. ग्लोव्ह घालणाऱ्याला वाचवतो. पेशंटला वाचवायचं तर तो प्रत्येक पलंगाला बदलावा लागतो, मध्ये हात धुऊन. इंजेक्शनं वेगळ्या स्वच्छ टेबलावर भरायची, ज्याची त्याला न्यायची, नेलेलं परत आणायचं नाही. फिरती ट्रॉली तर बंदच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मशीनसारखाच संशय पाण्यावरही येतो. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते सगळ्यांना आठवत असेल. चार तासांच्या एका डायलिसिसला शुद्ध केलेलं पाणीच सव्वाशे लिटरच्या आसपास लागतं, आरओ फेकतं ते वेगळं. तेव्हा टँकर आला का, पाणी तपासलं का, हे नातेवाईकसुद्धा विचारायचे. विचारायलाच हवं, पण हेपॅटायटिस सी त्या पाण्यातून येत नाही. टंचाईत पहिली काटकसर होते ती हात धुण्याच्या नळावर, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने डायलिसिस केंद्रांना इशारा दिला होता : आठ राज्यांतल्या १९ केंद्रांत ३६ जणांना नव्याने सीची लागण. तिथे काही पाण्याची रेल्वे धावत नव्हती.

हेपॅटायटिस बीला वेगळं मशीन आणि वेगळी जागा लागतेच. सीसाठीही आपल्याकडे मशीन वेगळं ठेवतात, ठेवू द्या. पण किडनी तज्ज्ञांच्या केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८च्या मार्गदर्शनात सीसाठी वेगळ्या मशीनचा आग्रह धरलेला नाही. भर आहे तो हात, औषधं आणि पुसणं यांवर. शिवाय 'निगेटिव्ह' रिपोर्टवर किती विसंबणार? लागण झाल्यावर अँटिबॉडी दिसायला दोन-अडीच महिने जाऊ शकतात. तोवर तो माणूस निगेटिव्हांच्याच रांगेत असतो. म्हणून सुरुवातीलाच थेट विषाणू शोधणारी आरएनए तपासणी, मग दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि दर महिन्याला यकृताचा एसजीपीटी. तो विनाकारण वाढला तर सहा महिने थांबायचं नाही.

लागण झालीच तर हातपाय गाळू नका. साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास बरे होतात, डायलिसिसवालेही. २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधं मोफत आहेत. सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करा. मात्र बरं झाल्यावर पुन्हा लागण होऊ शकते. आणि अँटिबॉडीची तपासणी पुढेही पॉझिटिव्हच येत राहते. त्यामुळे नव्या सेंटरला गेलात की "हे सीचे पेशंट" म्हणून बाजूला काढतील. उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी केलेला आरएनएचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, आणि यापुढे तपासणी आरएनएचीच करा असं सिस्टरला सांगा.