कुंडलचा फोटो वर्गापर्यंत कसा पोहोचतो

७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ, इंग्रजांविरुद्ध सातारा भागात उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली. त्या मोहिमेचे दोन म्होरके, जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र श्रीपती लाड, दोघेही कुंडलचे. प्रतिसरकारचा हा इतिहास शिकवताना शिक्षकांना शब्दांची कमतरता पडत नाही. घोडं अडतं ते चित्रापाशी. इंटरनेटवर फोटो सापडतो, पण तो कुणी काढला, छापला तर चालेल का, हे त्याच्याखाली लिहिलेलं नसतं. काही जण तो तसाच उचलतात, नियम पाळणारे सोडून देतात. नियम पाळणाऱ्याचा वर्ग चित्राविना राहतो, आणि मला ते खटकतं, कारण यावरचा उपाय अवघड नाही. फोटो काढणाऱ्याने एक ओळ लिहायची असते.

ती ओळ का लागते, हे आधी पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढला त्या क्षणी त्यावर हक्क निर्माण होतो. नोंदणी करावी लागत नाही, कोपऱ्यात नाव टाकावं लागत नाही. म्हणजे ज्या फोटोखाली काहीच लिहिलेलं नाही, तो बंद समजायचा. आपण हौसेने काढलेला कुंडलच्या डोंगराचा फोटो समाजमाध्यमावर टाकतो, शंभर जण तो पाहतात. पण शेजारच्या गावच्या शाळेला तो स्वाध्यायपुस्तिकेत छापायचा असेल तर आपली परवानगी लागते. आपली हरकत नसतेच. पण हरकत नाही हे त्यांना कळायचं कसं?

ही परवानगी जगजाहीर देण्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आहेत. ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली, पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले आणि सध्या वापरात असलेली ४.० ही आवृत्ती २०१३ ची आहे. फोटो आपलाच राहतो. कोणत्या अटींवर वापरता येईल एवढं आपण आधीच सांगून ठेवतो. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एसए’ म्हणजे यातून नवं काही बनवलंत तर तेही याच अटीवर खुलं ठेवा. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. ‘एनडी’ म्हणजे बदल करून वाटू नका. याशिवाय ‘सीसी झिरो’ आहे. त्यात श्रेयाचीही अट ठेवलेली नसते.

शिक्षणासाठी फोटो देणाऱ्याने ‘सीसी बाय ४.०’ किंवा ‘सीसी बाय-एसए ४.०’ यांपैकी एक निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘एनसी’ आणि ‘एनडी’ ऐकायला सोज्वळ वाटतात, पण वर्गात तेच आडवे येतात. उसाच्या कांडीचा जवळून काढलेला फोटो घ्या. पाचट सोललेलं आहे, डोळा फुगलेला दिसतो, त्याच्या बाजूने कांडीभोवती बारीक ठिपक्यांची रांग आहे, जिथून मुळं फुटणार. शिक्षिकेला त्यातला डोळ्याचा भाग कापून मोठा करायचा आहे, बाण काढून मराठीत नावं लिहायची आहेत आणि ती पट्टी तालुक्यातल्या इतर शाळांना पाठवायची आहे. ‘एनडी’ असेल तर हे सारं बंद. आणि ‘एनसी’ असेल तर वीस रुपयांची पुस्तिका काढणारा गावचा छोटा छापखानाही तो फोटो घेऊ शकत नाही.

कुंडलच्या बाबतीत याचं जिवंत उदाहरण आहे. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने कॅप्टन भाऊंची आठवण त्यांच्याच तोंडून ध्वनिचित्रात नोंदवून ठेवली. भाऊ २०२२ मध्ये गेले, त्यामुळे त्या कामाचं मोल शब्दांत सांगता येणार नाही. ते साहित्य पैसे न देता कुणालाही पाहता येतं. मात्र पारीच्या परवान्यात अव्यापारी वापराची आणि बदल न करण्याची अट आहे. मुलाखती देणाऱ्यांच्या शब्दांची मोडतोड होऊ नये यासाठी ही अट मला योग्यच वाटते. पण त्यामुळेच पारीचे फोटो विकिपीडियावर जाऊ शकत नाहीत. ती जागा गावातल्या लोकांनी स्वतःच्या फोटोंनी भरायची आहे. बालभारतीची पुस्तकंही मोफत उतरवून घेता येतात, पण त्यांतला भाग इतरत्र छापायला मंडळाची लेखी परवानगी लागतेच. याउलट गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये कोंकणी विश्वकोश ‘बाय-एसए’ परवान्याखाली खुला केला, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने शालेय साहित्याचं खुलं भांडार सुरू केलं. युनेस्कोने नोव्हेंबर २०१९ मध्ये खुल्या शैक्षणिक साहित्याबाबतची शिफारस संमत केली. वाट मळलेली आहे.

आता प्रत्यक्ष काम. पहिला प्रश्न: फोटो आपला आहे का? आपण काढला तर आपला. आपल्या हातात आहे म्हणून आपला होत नाही. गावच्या कार्यक्रमाचा फोटो स्टुडिओवाल्याकडून पैसे देऊन काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. नोकरीचा भाग म्हणून काढलेला सहसा मालकाचा. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला फोटो मात्र कुणाचा ते कळत नाही, म्हणून तो बाजूलाच ठेवावा. मित्राने काढलेला हवा असेल तर त्यालाच, पुढे सांगितलेल्या विकिमीडिया कॉमन्सवर अपलोड करायला सांगा; नाहीतर त्याच्याकडून तिथे परवानगीचा ईमेल पाठवावा लागतो.

दुसरा प्रश्न: फोटोत काय आहे? इमारत आणि सार्वजनिक जागी कायमचा बसवलेला पुतळा यांचा फोटो आपल्या कायद्यात चालतो. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला ही सवलत नाही, त्यामुळे शाळेच्या भिंतीवरचं चित्र देताना चित्रकाराला विचारा. कारखान्यात किंवा मंदिराच्या गाभाऱ्यात फोटो काढायचा तर तिथल्या व्यवस्थापनाची परवानगी वेगळी घ्यावी. ओळखू येणाऱ्या माणसाला विचारून घ्या, मुलं असतील तर पालकांना. खुला फोटो कुठेही जाऊ शकतो, आणि दिलेला परवाना नंतर मागे घेता येत नाही, हे त्यांनाही सांगा.

मग फोटो ठेवायची जागा: विकिमीडिया कॉमन्स. सप्टेंबर २००४ पासून चालू असलेलं हे भांडार आहे. मराठी विकिपीडियासकट सर्व भाषांतले विकिपीडिया इथून फोटो घेतात. खातं उघडा, टोपणनाव चालतं. अपलोडची पानं एकामागून एक येतात: फाइल निवडा, स्वतःचं काम आहे असं नोंदवा, परवाना निवडा, नाव आणि वर्णन लिहा, वर्ग (कॅटेगरी) जोडा, प्रकाशित करा. फाइल फोनमधली मूळच द्या. व्हॉट्सॲपवरून आलेली दाबून लहान झालेली असते आणि छपाईत फाटते. फोनचा फोटो कधी आणि कुठे काढला ही माहितीही सोबत नेतो. शेणोली स्टेशनासाठी ती उपयोगाची, घराच्या अंगणात काढला असेल तर आधी पुसून टाका.

खरी मेहनत वर्णनात आहे, आणि तिथेच लोक घाई करतात. ‘साखर कारखाना’ या दोन शब्दांनी कुणाचंच भलं होत नाही. ‘कुंडल (ता. पलूस, जि. सांगली) येथील क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखाना, गळीत हंगामात गव्हाणीत ऊस टाकताना’, आणि पुढे तारीख, असं लिहिलं तर बीडच्या शिक्षिकेलाही तो फोटो सापडतो आणि समजतो. फाइलच्या नावातही कुंडल येऊ द्या.

जुन्या फोटोला तर वर्णनाशिवाय अर्थच नसतो. कुंडल १९४८ पर्यंत औंध संस्थानात होतं. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून जुन्या कागदावर ‘सातारा’ दिसलं की चूक समजून खोडू नका, वर्ष पाहा. पाटीवर ‘कुंडल रोड’ असेल तर ते आजचं किर्लोस्करवाडी स्टेशन. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये त्याच स्टेशनाजवळ, औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर वसाहत उभी केली.

वापरणाऱ्यानेही आपलं काम करायचं. फोटोखाली काढणाऱ्याचं नाव, फोटो कुठून घेतला ते, परवान्याचं नाव, आणि कापला किंवा बाण काढले असतील तर तसा उल्लेख. ‘बाय-एसए’ फोटोवर बाण काढून बनवलेलं चित्रही त्याच परवान्याने वाटायचं. म्हणजे कुंडलच्या फोटोवर वाळव्याच्या शिक्षकाने केलेलं काम पुन्हा सगळ्यांना मिळतं.

राहिले घरातल्या पेटीतले फोटो. १९५८ पूर्वी काढलेल्या छायाचित्राचा हक्क भारतात काढल्यापासून ५० वर्षांनी संपतो. प्रतिसरकारच्या काळातले फोटो त्यामुळे आज खुले आहेत. कॉमन्सचे सर्व्हर अमेरिकेत असल्याने तिथला कायदाही पाहिला जातो, म्हणून १९४६ किंवा त्यानंतरच्या फोटोला अडचण येऊ शकते. त्याआधीचे सहसा अडत नाहीत. अट एवढीच की साल पटेल असा पुरावा हवा.

कुंडल, देवराष्ट्रे, वाळवा, शेणोली या टापूत तुमच्या घरी असा एखादा फोटो असेल तर काचेच्या चौकटीतून काढून सपाट ठेवा आणि स्कॅन करा, जमलं तर ६०० डीपीआयला. मागची बाजूही करा. स्टुडिओचा शिक्का आणि कुणी पेन्सिलीने लिहिलेलं साल तिथेच सापडतं. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशेजारी बसा आणि डावीकडून उजवीकडे एकेक नाव लिहून घ्या. अपलोड पुढच्या आठवड्यात केलं तरी चालेल, नावं मात्र आजच विचारा.