अल्प किमतीचा स्मार्टफोन : पारख, मांडणी व परीक्षा

सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करावी, अशी व्यवस्था महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या रूपाने राज्यभर सुरू झाली. या कामी शेतात उभे राहून फोनने पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते व ते कोठे घेतले, याचीही नोंद होते. फोन जागा बरोबर दाखवीत नसेल, तर पीक उभे असूनही नोंद राहून जाते आणि पुढे नुकसानभरपाई किंवा हमीभावाची खरेदी यांत अडचण येते. म्हणून बियाणे पारखून घ्यावे तसाच फोनही पारखून घेणे हितावह होय.

खरेदीपूर्वी

दहा हजार रुपयांच्या आतबाहेरच्या फोनमध्ये निदान ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण असावी. खोक्यावर ‘४ + ४’ असे लिहिलेले असल्यास खरी रॅम पहिल्या आकड्याइतकीच समजावी. दुसरा आकडा साठवणीतून उसन्या घेतलेल्या जागेचा असतो आणि ती जागा खऱ्या रॅमइतक्या वेगाने काम देत नाही. स्वस्त फाइव्ह-जी फोन प्रत्येक कंपनीच्या फाइव्ह-जी जाळ्यावर चालेलच असे नाही. आपल्या शिवारात ज्या कंपनीची रेंज आहे तिच्यावर तो चालतो काय, हे आधी विचारावे. नादुरुस्त फोन किती दिवसांत बदलून मिळेल, तेही पावतीवर लिहून घ्यावे.

खोके उघडताना

खोक्याची मोहर शाबूत आहे हे पाहून ते दुकानदारासमोरच उघडावे. फोन घरपोच मागविला असल्यास खोके उघडतानाचे चित्रीकरण दुसऱ्या फोनवर करून ठेवावे. तक्रारीच्या वेळी तो पुरावा उपयोगी पडतो. आत फोन, चार्जिंगची केबल, सिम काढावयाची पिन व माहितीपत्रक असते. चार्जर अनेक कंपन्या आता देत नाहीत, म्हणून खोक्यावरील यादी वाचावी.

यानंतर फोनवर *#०६# दाबावे. पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. फोन, खोके व पावती या तिन्ही ठिकाणी ते जुळले पाहिजेत. पावती जपून ठेवावी. फोन हरवल्यास याच क्रमांकाच्या आधारे ‘संचार साथी’ या शासकीय व्यवस्थेतून तो बंद करता येतो.

फोनची मांडणी

प्रथम भाषा मराठी निवडावी. त्यानंतर फोन गूगलचे खाते मागतो. पुष्कळदा दुकानदार घाईने स्वतःच्या मनाने खाते उघडून देतो आणि त्याचा पासवर्ड शेतकऱ्यास ठाऊक नसतो. पुढे कुलूप विसरून फोन मुळापासून पुसावा लागला, तर तो तेच जुने खाते मागतो. ते न मिळाल्यास चांगला फोन निरुपयोगी होतो. यास्तव खाते शेतकऱ्याच्याच मोबाइल क्रमांकावर उघडावे व पासवर्ड घरातील वहीत लिहून ठेवावा. आधार व बँकेशी जोडलेले सिम याच फोनमध्ये असावे, कारण ओटीपी त्यावरच येतो. पडद्यास कुलूप अवश्य लावावे.

ॲप केवळ प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ फाइल कदापि उघडू नये. तिच्यायोगे बँकेतील पैसे काढून घेण्याचे प्रकार घडले आहेत. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. व्हॉट्सॲपवरील चित्रे आपोआप साठविण्याची सोय बंद करावी, म्हणजे शुभेच्छांच्या चित्रांनी जागा भरून जात नाही.

शेतातील परीक्षा

फोनची खरी परीक्षा बदलून देण्याची मुदत संपण्यापूर्वी शेतात करावी.

१. भर दुपारच्या उन्हात पडद्यावरील अक्षरे वाचता येतात काय?

२. लोकेशन सुरू करून, झाडाच्या सावलीतून दूर, मोकळ्या आकाशाखाली दोन-तीन मिनिटे थांबावे. नकाशात आपली जागा सुमारे पाच मीटरच्या आत दिसली, तर फोन चांगला समजावा. ती शेजारच्या गटात दिसत राहिल्यास फोन बदलून घ्यावा.

३. पानावरील कीड किंवा डाग जवळून स्पष्ट टिपता येतो काय? सल्ल्यासाठी असे छायाचित्र पाठवावे लागते.

४. सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी दिवसभराच्या कामास पुरते काय?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभी चावडीवर किंवा शाळेत शेतकऱ्यांना एकत्र बोलावून ही मांडणी प्रत्यक्ष करून दाखवावी. मात्र फोन शेतकऱ्याच्याच हाती राहू द्यावा आणि पासवर्ड त्यानेच घालावा. एकदा स्वहस्ते केलेले काम शेतकरी विसरत नाही, आणि पुढील नोंदीसाठी त्यास दुसऱ्याच्या दारी जावे लागत नाही.