विस्तव नाही, तरी चुना का उकळतो?

मिरजगाव असो की तुमचं गाव, दिवाळीआधी भिंतींसाठी कळीचा चुना भिजवताना पाहिलाय ना? पाणी आपोआप खदखदतं. किती उष्णता निघते, चला काढू.

तयार पदार्थाच्या निर्मिती एन्थाल्पीतून सुरुवातीच्या पदार्थांची वजा करायची. विरलेला चुना −९८६, कळीचा चुना −६३५, पाणी −२८६ किलोज्यूल प्रति मोल.

−९८६ − (−६३५ − २८६) = −६५

उणे चिन्ह म्हणजे उष्णता बाहेर पडली.

कळीचा चुना मोलला ५६ ग्रॅम; म्हणजे किलोमागे साधारण ११६० किलोज्यूल. एवढ्यात साडेतीन लिटर पाणी उकळीला येतं! म्हणून भरपूर पाण्यात चुना थोडा थोडा टाका, डोळ्यांना चष्मा लावा, लहान पोरं लांब ठेवा.