इफ्तारची उरलेली केळी

रमजानमध्ये आमच्या गोंदियाच्या घरात रोज डझनभर केळी येतात. खजूर, पपई, भजी यांच्यापुढे दोन-तीन उरतातच आणि दुसऱ्या दिवशी काळी पडतात. अम्मी ती फेकू देत नाही. केळं पिकत जातं तशी त्यातल्या स्टार्चची साखर होते. केकला वरून साखर कमी लागते.

तीन केळी कुस्करायची. त्यात पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, दोन अंडी, दीड वाटी मैदा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. मसाला वेलची, दालचिनी आणि किसलेल्या जायफळाचा. आमच्याकडे ओव्हन नाही. कुकरच्या तळाशी मीठ पसरायचं, पाणी नाही. शिट्टी आणि रबरी रिंग काढून मंद आचेवर पाऊण तास.

रोजात चाखायचं कसं? जिभेवर ठेवून थुंकलं तर चालतं म्हणतात. अम्मीला ते पटत नाही. ती आयुष्यभर नाकानंच मसाला मोजत आली. दालचिनी आधी जाणवावी, जायफळ मागून.

मागच्या वर्षापासून तिला वासच येत नाही. तेव्हा मी घाईत ‘बरोबर आहे’ म्हणून गेले आणि केक जायफळानं कडवट झाला. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ला.

काल तिनं भांडं माझ्यापुढे धरलं. ‘नीट घे. आधी काय येतं?’

‘दालचिनी.’

‘मग?’

मी पुन्हा वास घेतला. मगरिबला अजून सव्वा तास होता.