इंडोल : आतड्यातून मूत्रपिंडाकडे

महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत इंडोल चाचणी करतात. ई. कोलाय जिवाणू वाढवलेल्या द्रवात कोवॅकचे अभिकर्मक घातले की वर तांबडे कडे दिसते. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून जिवाणूंनी इंडोल बनवल्याची ती खूण. आपल्या मोठ्या आतड्यातही हेच अखंड चालू असते. विष्ठेच्या दुर्गंधीत इंडोलचा वाटा असतो आणि गंमत म्हणजे अत्यल्प प्रमाणात ते जाईच्या सुगंधातही असते!

आतड्यातले इंडोल रक्तातून यकृतात पोचते. तिथे त्याचे इंडॉक्सिल सल्फेट होते. याचे मूळ जिवाणूंतच आहे, कारण जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांच्या रक्तात ते सापडत नाही.

निरोगी मूत्रपिंडातील सूक्ष्मनलिकांच्या पेशी हा पदार्थ रक्तातून ओढून घेतात व मूत्रात सोडतात. मूत्रपिंड दुबळे झाले की तो रक्तात साचतो. मग ज्या पेशी तो बाहेर टाकतात, त्यांच्यातच त्याचे प्रमाण वाढते. तिथे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात, दाह सुरू करणारी जनुके जागी होतात आणि कालांतराने पेशींच्या जागी तंतुमय ऊती येते. मूत्रपिंड आणखी दुबळे होते, पदार्थ आणखी साचतो. मूत्रपिंडाचा बराचसा भाग काढलेल्या उंदरांना तो दिल्यावर ही हानी वेगाने वाढते, असे जपानी संशोधकांनी 1994 मध्ये दाखवले.

डायलिसिसने युरिया सहज निघतो, हा मात्र फारसा निघत नाही. रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला तो चिकटलेला असतो आणि अल्ब्युमिन पडद्याच्या छिद्रांतून जात नाही.

मग इंडोल आतड्यातच का अडवू नये? जपानमध्ये त्यासाठी 1991 पासून खास कोळशाचे बारीक गोलक रुग्णांना पोटात देतात. परंतु 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युरोप-अमेरिकेतील दोन हजारांवर रुग्णांच्या चाचणीत त्यांनी आजाराची गती मंदावल्याचे दिसले नाही. उंदरात जे घडते ते माणसात तसेच घडेल असे धरून चालता येत नाही. माझ्या मते हा प्रश्न अजून खुलाच आहे.

"मग प्रतिजैविकांनी सगळे जिवाणू मारले तर?" असे विद्यार्थी हमखास विचारतात. पण आतड्यातले जिवाणू चोथ्यापासून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्लेही बनवतात. रक्तपुरवठा काही काळ तोडून मूत्रपिंडाला इजा केलेल्या उंदरांना ही आम्ले दिली, तेव्हा दाह व इजा दोन्ही कमी झाली.