रुबाबदार छोटी गाडी : पेट्रोल घ्यावी की डिझेल?

वेगाची हौस मुलाला, बचतीची काळजी वडिलांना. पण दिल्लीत राहणाऱ्या कुटुंबाने गाडी निवडण्यापूर्वी किलोमीटर आणि कॅलेंडर या दोन्हींचा हिशेब मांडायला हवा.

लक्ष्मीबाई नगर म्हणजे दक्षिण दिल्लीतली केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. एका बाजूला आयएनए मार्केट, दुसऱ्या बाजूला सरोजिनी नगरचा बाजार. इथल्या एखाद्या मराठी घरातली रविवारची सकाळ डोळ्यांसमोर आणा. मुलाला गुरुग्रामला नोकरी लागून वर्ष झाले आहे. पोहे खाता खाता तो मोबाइलवरचा फोटो वडिलांपुढे धरतो.

‘‘बाबा, ही बघा पोलो जीटी. डिझेलची आहे. पिकअप काय आहे म्हणून सांगू!’’

‘‘डिझेलची असेल तर विचार करू,’’ वडील म्हणतात, ‘‘ॲव्हरेज चांगले देते. नाशिकला जाऊन यायलाही बरी.’’

चहाचे कप ठेवत आई विचारते, ‘‘अहो, पण डिझेलच्या गाडीला दिल्लीत दहाच वर्षे ना? ही किती सालची आहे?’’

गाडी २०१७ ची असते. पोह्यांची ताटली हातात धरून बापलेक एकमेकांकडे पाहत राहतात.

असा प्रसंग आज दिल्लीतल्या कित्येक घरांत घडू शकतो. लहान आकाराची, पण दमदार इंजिनाची हॅचबॅक तरुणांना भुरळ घालते आणि ती सेकंडहँड बाजारात घरच्या ऐपतीत मिळूही शकते. प्रश्न येतो तो इंधनापाशी.

एकच ताकद, दोन स्वभाव

फोक्सवॅगनची पोलो जीटी हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे. २०१३ साली ही गाडी दोन रूपांत आली. एक पेट्रोलची जीटी टीएसआय, दुसरी डिझेलची जीटी टीडीआय. दोन्ही आपल्या पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात तयार होत. दोन्हींची किंमत तेव्हा आठ लाखांच्या आसपास होती आणि दोन्हींची ताकदही सारखीच, म्हणजे १०५ अश्वशक्ती. तरीही चालवणाऱ्याला त्या दोन निराळ्या गाड्या वाटत.

फरक होता तो ओढीत. पेट्रोल इंजिनाची ओढ १७५ न्यूटन मीटर, तर डिझेलची २५०. म्हणूनच उड्डाणपुलाच्या चढावर, चार माणसे आणि सामान भरलेले असताना डिझेलची गाडी कमी वेगातही पटकन पुढे झेपावते. मुलगा ज्याला ‘पिकअप’ म्हणतो ते हेच. उलट पेट्रोलचे इंजीन वजनाने हलके, आवाजाने शांत. ते जास्त फेऱ्यांपर्यंत आनंदाने पळते आणि वळणावर गाडीचे नाक जड वाटत नाही. शिवाय पेट्रोलच्या जीटीला दुहेरी क्लचचे स्वयंचलित गिअर होते, डिझेलच्या जीटीला हाताने टाकायचे. दिल्लीच्या रहदारीत सतत क्लच दाबून पाय दुखलेल्यांना या सोयीचे मोल कळेल. मात्र ही स्वयंचलित गिअरपेटी बिघडली तर दुरुस्तीचा खर्च घसघशीत असतो, हेही ध्यानात ठेवायला हवे.

तेव्हा हौसेच्या दृष्टीने दोघींत डावे-उजवे करणे कठीण. निवाडा करायचा तर हिशेबाची वही उघडावी लागते.

डिझेलची चलती का होती?

वडिलांच्या मनात डिझेल म्हणजे बचत हे समीकरण पक्के आहे आणि त्यात त्यांची चूक नाही. शेती आणि मालवाहतूक यांना झळ बसू नये म्हणून सरकारने डिझेलचा भाव बरीच वर्षे मुद्दाम कमी ठेवला होता. जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव मोकळा झाला, पण डिझेलवरचे नियंत्रण राहिले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होते. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! ट्रॅक्टर आणि ट्रकसाठी ठेवलेल्या सवलतीचा लाभ मोटारवालेही घेऊ लागले. डिझेलच्या गाड्यांवर उड्या पडल्या नसत्या तरच नवल.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भावही मोकळा झाला आणि हे चित्र पालटू लागले. २४ जून २०२० रोजी तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले. पेट्रोल ७९ रुपये ७६ पैसे आणि डिझेल ७९ रुपये ८८ पैसे! पुढे दिल्ली सरकारने डिझेलवरचा कर कमी केल्यावर क्रम पूर्ववत झाला, पण जुनी दरी परत आली नाही. मार्च २०२४ मधल्या कपातीनंतर दिल्लीत पेट्रोल ९४ रुपये ७२ पैसे आणि डिझेल ८७ रुपये ६२ पैसे होते. म्हणजे फरक उरला तो जेमतेम सात रुपयांचा.

वहीतला हिशेब

आता एक साधे उदाहरण घेऊ. समजा, शहरात पेट्रोलची गाडी लिटरला १२ किलोमीटर जाते आणि डिझेलची १६. मार्च २०२४ च्या भावाने पेट्रोलचा खर्च किलोमीटरला सुमारे ७ रुपये ९० पैसे पडतो, डिझेलचा ५ रुपये ५० पैसे. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे २ रुपये ४० पैसे वाचतात.

पण ही बचत फुकट मिळत नाही. एकाच नव्या गाडीची डिझेल आवृत्ती पेट्रोलपेक्षा बहुधा महाग असते. समजा, पेट्रोलची गाडी आठ लाखांची आणि डिझेलची नऊ लाखांची. सहा ते दहा लाखांच्या गाडीवर दिल्लीत रस्ता कर पेट्रोलला ७ टक्के आणि डिझेलला पावणेनऊ टक्के आहे. म्हणजे एकीवर ५६,००० रुपये कर, दुसरीवर ७८,७५०. किंमत आणि कर मिळून डिझेलसाठी सुमारे सव्वा लाख रुपये जास्त मोजावे लागले. किलोमीटरला २ रुपये ४० पैसे या हिशेबाने ते भरून निघायला ५१,००० किलोमीटर गाडी चालवायला हवी.

महिन्याला ५०० किलोमीटर चालवणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी साडेआठ वर्षे लागतील. दिल्लीत डिझेल गाडीचे वयच दहा वर्षांचे धरले, तर बचत सुरू होते न होते तोच गाडी निरोप घेण्याच्या वाटेवर! याउलट ज्यांना महिन्याला २,००० किलोमीटर जावे लागते, त्यांचे जादा पैसे दोन वर्षांत वसूल होतात. मे २०१२ च्या भावाने हाच हिशेब मांडला, तर ५०० किलोमीटरवाल्यालाही सहा वर्षांच्या आत फायदा दिसला असता. तेव्हाच्या माणसाने डिझेल घेतले ते शहाणपणच होते. आजच्या माणसाने तेव्हाच्या आठवणीवर डिझेल घेऊ नये, इतकेच.

दिल्लीचे घड्याळ

आईच्या प्रश्नाचे मूळ एप्रिल २०१५ मध्ये आहे. राष्ट्रीय हरित लवादाने तेव्हा आदेश दिला की, दहा वर्षांहून जुनी डिझेल वाहने दिल्ली आणि परिसरात चालवता येणार नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिझेलसाठी दहा आणि पेट्रोलसाठी पंधरा वर्षांच्या मर्यादेवर शिक्कामोर्तब केले. जुलै २०२५ मध्ये अशा वाहनांना पंपावर इंधनच न देण्याचा प्रयत्न झाला, पण लोकांच्या नाराजीनंतर तो काही दिवसांतच थांबला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित केले.

मग २०१७ ची बीएस-४ डिझेल गाडी सुरक्षित झाली का? वयापुरता दिलासा मिळाला, पण तो अंतरिम आदेशाचा. न्यायालयाचा पुढचा आदेश कसा असेल हे आज कुणीच सांगू शकत नाही. शिवाय दुसरी अडचण हिवाळ्यातली. हवा फार बिघडली की टप्प्याटप्प्याने निर्बंध लागू होतात. तिसऱ्या टप्प्यात बीएस-४ डिझेल मोटारींना दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगर इथे बंदी येते. रोज गुरुग्रामला जाणाऱ्या मुलाची गाडी ऐन थंडीत घरापुढे उभी राहील. पेट्रोलच्या बीएस-४ गाडीवर या टप्प्यात अशी बंदी नाही.

या निर्बंधांमागचे कारणही विसरून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल इंजिनांत चाचणी चुकवणारी प्रणाली असल्याचे अमेरिकेत उघड झाले आणि भारतातही कंपनीने सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. आपल्या मुलांच्या फुप्फुसांचा प्रश्न ॲव्हरेजच्या हिशेबात मांडता येत नाही, पण तो असतोच.

नव्या गाड्यांत काय उरले?

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि लहान डिझेल इंजीन स्वच्छ करण्याचा खर्च परवडेनासा झाला. मारुतीने स्विफ्टचे डिझेल बंद केले, फोक्सवॅगननेही भारतात डिझेलला रामराम ठोकला. पोलोचे उत्पादनच २०२२ मध्ये थांबले. टाटांची अल्ट्रोझ २०२५ मध्ये नव्या रूपात आली, तेव्हा तिच्यात डिझेलचा पर्याय कायम होता. पण तिचीच वेगवान ‘रेसर’ २०२४ मध्ये आली ती फक्त पेट्रोलवर. ह्युंदाईची आय-२० एन लाइनही पेट्रोलचीच. थोडक्यात, नव्या रुबाबदार हॅचबॅकमध्ये निवड जवळजवळ संपली आहे. ती उरली आहे सेकंडहँड बाजारात.

बीएस-६ डिझेल घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. या गाड्यांच्या धुरवाट्यात काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते. रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्याच असतील, तर गाळणी तुंबण्याची भीती. पेट्रोलवालेही अगदी निश्चिंत नाहीत. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते आणि त्यासाठी न बनलेल्या जुन्या गाड्यांचे ॲव्हरेज काहीसे उतरते.

बदलीची नोकरी असेल तर

लक्ष्मीबाई नगरसारख्या वसाहतीत प्रत्येक घराला बदलीची नाहीतर निवृत्तीची तारीख असते. ज्यांना दोन-चार वर्षांत महाराष्ट्रात परतायचे आहे, त्यांच्यासाठी डिझेलचे गणित बदलते. दहा वर्षे भरण्यापूर्वी दिल्लीहून ना हरकत प्रमाणपत्र घेऊन गाडी गावी नेता येते. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवायची असेल, तर तिथली नोंदणी आणि तिथला कर आला. महाराष्ट्रातही डिझेलवर कर अधिक आहे.

नवी गाडी घेणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांना २०२१ पासून ‘बीएच’ मालिकेचा क्रमांक घेता येतो. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि बदलीनंतर पुन्हा नोंदणीची कटकट नाही. तिथेही डिझेलला दोन टक्के जास्त. मात्र क्रमांक कुठलाही असो, दिल्लीच्या रस्त्यावर दिल्लीचेच नियम.

सेकंडहँड घेताना हे पाहा

• दिल्लीत जुनी डिझेल गाडी स्वस्त दिसली तर हुरळून जाऊ नका. किंमत उरलेल्या वर्षांनी भागा आणि मग पेट्रोलच्या गाडीशी तुलना करा.

• नोंदणी पुस्तकातली पहिल्या नोंदणीची तारीख आणि बीएस श्रेणी स्वतः वाचा. विक्रेत्याच्या शब्दावर राहू नका.

• टर्बोचा आवाज, क्लच आणि स्वयंचलित गिअर ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घ्या. हौशी मालकाने इंजिनाची ताकद बाहेरून वाढवून घेतली आहे का, हेही विचारा.

• सर्व्हिसिंगची पूर्ण नोंद मागा. कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांपैकी असेल, तर ते काम झाले का ते पाहा.

आता पुन्हा त्या रविवारच्या सकाळी जाऊ. वहीत मुलाने गुरुग्रामची रोजची जा-ये मांडली, चाळीस-एक किलोमीटर. वर्षातून एकदा नाशिक, जाऊन-येऊन अडीच हजार. सगळे मिळून वर्षाला चौदा हजारांच्या घरात जाते. या आकड्याला डिझेल शोभून दिसते. वडील मान हलवतात. तेवढ्यात आईच वहीवर बोट ठेवते.

‘‘अरे, आयएनएला बसलास की मेट्रो थेट गुरुग्रामला नेते. रोज तासभर रहदारीत कशाला अडकायचे? गाडी शनिवार-रविवारला आणि गावाला जायला ठेव.’’

एका वाक्यात वर्षाचे चौदा हजार किलोमीटर पाच हजारांवर आले आणि डिझेलची बचत वहीतून पुसली गेली. पेट्रोलची जीटी बघायला पुढच्या रविवारी जायचे ठरले. मुलाला हवी असलेली मजा त्यातही आहेच, आणि ती दरवर्षी कोर्टाच्या तारखेकडे डोळे लावून घ्यावी लागणार नाही.

ज्यांना खरोखरच रोज लांबचा पल्ला गाठायचा आहे किंवा लवकरच गावी परतायचे आहे, त्यांनी डिझेल जरूर घ्यावे. पण शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी घरात बसून दोन आकडे कागदावर लिहावेत : वर्षाला किती किलोमीटर आणि दिल्लीत अजून किती वर्षे. पेट्रोल की डिझेल, हे त्यानंतर कुणाला विचारावे लागणार नाही.